सायकलिंगमधल्या डोपिंगच्या आरोपांची झळ आधी कुणाला बसली

तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा, नाशिकला सायकलिंगचं ट्रेनिंग घेतो, आणि लान्स आर्मस्ट्राँगचं, म्हणजे टूर दि फ्रान्स ही सायकलिंगची सगळ्यात मोठी रेस सात वेळा जिंकून डोपिंगमुळे ती टायटल गमावलेल्या अमेरिकन रायडरचं, सगळं प्रकरण मोबाइलवर बघून घरात वाद घालतो की तेव्हा सगळेच बंदी असलेली औषधं घेत होते, मग त्यालाच का धरलं, आणि टायटल काढून घेतली म्हणजे विषय संपला ना. त्याला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय. जरा लांबलचक लिहितेय, कारण ह्यावर दोन ओळीत उत्तर देणारे खूप आहेत आणि पोरांच्या डोक्यात गोंधळ होतो तो त्यांच्यामुळेच.

मी फिजिओ. मूळची सांगलीची, बावीस वर्षं झाली सायकलवाल्यांच्या पायांवर काम करतेय, ज्युनियर टीमबरोबर नॅशनलला गेलेय, मुंबई-पुणे रेसमध्ये बोर घाट चढून आलेल्या पोरांच्या पोटऱ्यांचे गोळे रस्त्याच्या कडेला बसून सोडवलेत. त्यामुळे हे प्रकरण मी आर्मस्ट्राँगच्या बाजूने कधी बघितलंच नाही. मी ते एमा ओ'रायलीच्या बाजूने बघते.

एमा आयर्लंडची. युरोपात ह्या कामाला स्वान्यर म्हणतात, म्हणजे मसाज करायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, चालत्या रेसमध्ये खायच्या पिशव्या हातात द्यायच्या, संध्याकाळी घामाचे कपडे धुवायला टाकायचे, थोडक्यात घरच्या बाईसारखं सगळं बघायचं. यूएस पोस्टल टीममध्ये, म्हणजे अमेरिकेचं पोस्ट खातं जिचं स्पॉन्सर होतं त्या टीममध्ये, ती आर्मस्ट्राँगची स्वान्यर होती. आता मसाजच्या टेबलावर माणूस आडवा झाला की तो बोलतो, आणि आजूबाजूचे लोकही आपण तिथे नाहीच असं समजून बोलतात, हे काम केलेल्या कुणालाही विचारा.

१९९९ ची टूर दि फ्रान्स चालू होती. आर्मस्ट्राँगच्या युरिनमध्ये कॉर्टिसोन हे बंदी असलेलं औषध सापडलं. एमाने पुढे सांगितलं की हॉटेलच्या खोलीत ती त्याला मसाज करत असताना टीमची मोठी माणसं आत होती, आणि तिच्या देखत ठरलं की सीटमुळे झालेल्या जखमेवर मलम लावलं होतं असं म्हणायचं आणि डॉक्टरकडून मागच्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन घ्यायचं. ते झाल्यावर तो तिला म्हणाला की आता तुला इतकं माहिती झालंय की तू मला खाली आणू शकतेस. त्याच्याआधी मे महिन्यात ती स्पेनहून गोळ्यांची एक बाटली घेऊन आली होती आणि नीसजवळच्या मॅकडोनाल्ड्सच्या पार्किंगमध्ये तिने ती त्याच्या हातात दिली होती. टूर सुरू होताना दंडावरचा सुईचा काळानिळा डाग झाकायला त्याने तिच्याकडे मेकअपचं कन्सीलर मागितलं होतं. हा कन्सीलर माझ्या डोक्यातून जात नाही, कारण असे डाग आम्हाला सगळ्यात आधी दिसतात, डॉक्टरच्याही आधी, आईबापाच्याही आधी.

२००४ मध्ये हे सगळं तिने डेव्हिड वॉल्श ह्या आयरिश पत्रकाराला सांगितलं आणि ते पुस्तकात आलं. मग काय झालं? आर्मस्ट्राँगने कोर्टकचेऱ्या चालू केल्या, पत्रकारावर, संडे टाइम्सवर, तिच्यावरसुद्धा. तिला दारुडी म्हटलं, त्याहून घाण शब्दही वापरले. संडे टाइम्सला २००६ मध्ये सुमारे ३ लाख पौंड मोजून मिटवावं लागलं. म्हणजे खरं छापणाऱ्याने खोटं बोलणाऱ्याला पैसे दिले. हे मुलाला नीट समजावून सांगा, कारण आरोप झाले की आरोपी सापडतो असं त्याला वाटतंय, आणि इथे १९९९ पासून २०१२ पर्यंत, तेरा वर्षं, झळ बसली ती आरोप करणाऱ्यांना.

बेट्सी अँड्र्यूचं तसंच. तिचा नवरा फ्रँकी हा आर्मस्ट्राँगचा टीममेट. ऑक्टोबर १९९६ मध्ये आर्मस्ट्राँगला कॅन्सर झाला होता, इंडियानापोलिसच्या हॉस्पिटलमध्ये भेटायला लोक जमलेले, डॉक्टर आत आले आणि नेहमीचा प्रश्न विचारला की कधी परफॉर्मन्स वाढवायची औषधं घेतली आहेत का, आणि त्याने सगळ्यांसमोर यादी सांगितली, ग्रोथ हॉर्मोन, कॉर्टिसोन, ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं इंजेक्शन), स्टेरॉइड, टेस्टोस्टेरॉन. (आपल्या युवराज सिंगवर २०१२ मध्ये ह्याच शहरात उपचार झाले, आर्मस्ट्राँगच्याच डॉ. आइनहॉर्नकडे, आणि युवराज तेव्हा आर्मस्ट्राँगकडे बघून धीर धरत होता, म्हणून आर्मस्ट्राँगच्या लिव्हस्ट्राँग ह्या कॅन्सर संस्थेचे ते पिवळे बँड आणि तो माणूस आपल्याकडेही किती जणांना जवळचा होता ते लक्षात घ्या.) आर्मस्ट्राँगला टूर जिंकल्याच्या बोनसचे ५० लाख डॉलर द्यायला एससीए प्रमोशन्स नावाची कंपनी तयार नव्हती, त्या केसमध्ये बेट्सी आणि फ्रँकी दोघांनी शपथेवर हे सांगितलं. उपयोग शून्य. कंपनीने २००६ मध्ये ७५ लाख डॉलर देऊन सेटलमेंट केली आणि बेट्सी पुढची कितीतरी वर्षं "ती वेडी, जळकी बाई" म्हणून राहिली. नुसतं तोंडचं सांगणं, कागद नाही, आणि समोर कॅन्सर जिंकलेला हिरो, कोण ऐकणार हो?

पण तुमच्या मुलाच्या "सगळेच घेत होते" ला खरं उत्तर आहे क्रिस्तोफ बासों, फेस्टिना टीमचा फ्रेंच रायडर. १९९८ मध्ये फेस्टिना टीमची भानगड बाहेर आली, ८ जुलैला टीमचा स्वान्यर विली वूत गाडीभर ईपीओ आणि काय काय घेऊन बेल्जियमच्या बॉर्डरवर पकडला गेला, टूर डब्लिनला सुरू व्हायच्या तीन दिवस आधी. टीमला टूरमधून काढलं, पोलिसांनी हॉटेलांवर धाडी टाकल्या, रायडर रस्त्यावर बसले, एक स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, रद्दच झाली, १८९ जण निघाले होते आणि पॅरिसला ९६ पोचले. त्या चौकशीत फेस्टिनाचेच रायडर पोलिसांना म्हणाले की आमच्यात बासों घेत नाही. स्वतः घेणाऱ्यांनी दिलेलं सर्टिफिकेट आहे हे, ह्याच्यावर काय पाहिजे. म्हणजे सगळेच घेत नव्हते.

मग पुढच्या वर्षी, १९९९ ला, बासों दुसऱ्या टीमकडून टूरमध्ये होता आणि एका फ्रेंच पेपरात रोज लिहायचा की हा स्पीड मला पटत नाहीये. टूरमध्ये त्याच्याशी बोलणं बंद झालं. आल्प द्युएझ ह्या डोंगराच्या स्टेजला सगळ्यांनी आपापसात ठरवलं की पहिले १०० किलोमीटर निवांत जायचं, त्याला कुणी सांगितलंच नाही, तो पुढे सुटला, अख्ख्या पेलोटॉनने, म्हणजे रायडरच्या मुख्य घोळक्याने, पाठलाग करून त्याला गाठलं, आणि पिवळ्या जर्सीतल्या (ही टूरमध्ये सगळ्यात पुढे असलेला घालतो) आर्मस्ट्राँगने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तू खेळाचं नुकसान करतोयस, घरी जा. बासोंच्या स्वतःच्या टीममध्येही त्याच्या बाजूने कोणी नव्हतं. दोन दिवसांनी सकाळी तो टूर सोडून निघून गेला आणि २००१ मध्ये सायकलिंगच सोडलं. तिशीही झाली नव्हती. ज्याच्या पायात दम होता, ज्याने सुई घेतली नाही, त्याचं करिअर संपलं, आणि ज्याने घेतली त्याने अजून सहा टूर जिंकल्या. मी हे दर वर्षी नवीन पोरांना सांगते, आणि दर वर्षी सांगताना मला राग येतो.

२००४ ला फिलिप्पो सिमेओनी. हा इटलीचा, ह्याने कोर्टात सांगितलं होतं की डॉ. मिकेले फेरारीने मला ईपीओ कसं घ्यायचं ते शिकवलं, आणि फेरारी हा आर्मस्ट्राँगचाही माणूस. अठराव्या स्टेजला सिमेओनी पुढच्या ग्रुपला जाऊन मिळायला निघाला, ह्या ग्रुपचा टूरच्या निकालाशी काही संबंध नव्हता, तरी पिवळ्या जर्सीवाला स्वतः त्याच्या मागे गेला, का तर तू इथे जिंकायचं नाहीस. बाकीचे म्हणाले बाबा तू मागे जा म्हणजे हा पण जाईल. सिमेओनी मागे आला तर पेलोटॉनमध्ये शिव्या खाल्ल्या, आणि आर्मस्ट्राँगने टीव्ही कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून झिप ओढल्याची, म्हणजे तोंड बंद ठेव अशी, खूण केली. लाइव्ह, जगासमोर. ग्रेग लेमाँडसारखा तीनदा टूर जिंकलेला माणूससुद्धा सुटला नाही, २००१ मध्ये फेरारीवरून एक वाक्य बोलला आणि पुढे त्याच्या नावाच्या सायकली बनवणाऱ्या कंपनीशी त्याचं भांडण कोर्टापर्यंत गेलं.

आता २०१२. यूसाडा म्हणजे अमेरिकेची अँटी-डोपिंग संस्था, तिने १० ऑक्टोबरला पुरावे बाहेर काढले, २६ जणांच्या साक्षी, त्यात ११ जुने टीममेट, बँकेचे व्यवहार, ईमेल, फेरारीला दिलेले १० लाख डॉलरहून जास्त पैसे. आठवडाभरात नाईकी गेलं, बाकीचे स्पॉन्सर गेले, २२ तारखेला यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, सातही टायटल काढून घेतली. त्या सात वर्षांच्या पुढे आज विजेता म्हणून कुणाचंच नाव नाही, कारण द्यायचं कुणाला, मागे पोडियमवर उभे राहिलेल्यांपैकी बरेच जण पुढे स्वतःच अडकले. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली. मग पैशांचा हिशोब सुरू झाला, एससीएला १ कोटी डॉलर द्यायचा आदेश २०१५ मध्ये, आणि पोस्ट खात्याच्या पैशांवरून सरकारी केस २०१८ मध्ये ५० लाख डॉलरला मिटली, त्यातले ११ लाख फ्लॉइड लँडिसला कारण ती केस त्याने सुरू केली होती.

लँडिस म्हणजे २००६ च्या टूरमध्ये पहिला आलेला, टेस्टोस्टेरॉनमध्ये सापडला आणि टायटल गेलं, मी निर्दोष आहे म्हणून चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली, २०१० मध्ये ईमेल लिहून सगळं खरं सांगून टाकलं, आणि त्या वर्गणीतले सुमारे ४ लाख ७८ हजार डॉलर परत करायचं त्याला कबूल करावं लागलं. तो धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण त्याच्या त्या ईमेल नसत्या तर गाडं हललंच नसतं, हेही खरं.

टीममेटपैकी साक्ष देणाऱ्या काही रायडरना सहा महिन्यांची बंदी झाली, आर्मस्ट्राँगला आयुष्यभराची. मुलगा म्हणतो त्यात तथ्य इथे थोडं आहे, फरक मोठा आहे. पण त्यालाही आधी बोलवलं होतं, तो आला नाही, आणि त्याच्यावर आरोप नुसता घेतल्याचा नव्हताच, दुसऱ्यांना घ्यायला लावल्याचा आणि बोलणाऱ्यांना धमकावल्याचाही होता. मला स्वतःला ती शिक्षा जास्त वाटत नाही.

आणि "सगळ्यांनी घेतलं तर बरोबरीच झाली की" हे जे म्हणतात ना, ते शरीर न समजणारे लोक म्हणतात. ईपीओ हे किडनीत तयार होणारं हॉर्मोन, ते हाडातल्या मज्जेला लाल पेशी बनवायला सांगतं. रक्तात लाल पेशींचा वाटा म्हणजे हेमॅटोक्रिट, पुरुषांत साधारण ४० ते ५० टक्के. नव्वदच्या दशकात ईपीओ पकडायची टेस्टच नव्हती म्हणून यूसीआयने १९९७ मध्ये ५० टक्क्यांची रेघ मारली, त्याच्यावर गेलात तर पंधरा दिवस घरी. आता दोन पोरं घ्या, एकाचं जन्मजात ४०, दुसऱ्याचं ४८. दोघांनी सुई घेऊन रेघेपर्यंत नेलं तर पहिल्याला दहाचा फायदा, दुसऱ्याला दोनचा. ज्याला देवाने जास्त दिलं होतं, ज्याने लहानपणापासून घाट चढून ते जपलं होतं, तोच हरला. वर ज्याच्याकडे फेरारीला द्यायला पैसे तो अजून पुढे. ह्याला बरोबरी म्हणायचं? शिवाय रक्त घट्ट झालं की गुठळी व्हायचा धोका, हृदयावर ताण, आणि हे रेसमध्ये पाणी कमी झालेल्या शरीरात. मी किडनीचे पेशंट बघितलेत, त्यांच्यासाठी हे इंजेक्शन म्हणजे जीव आहे, डायलिसिसवर असलेल्या माणसाचा चेहरा त्याने बदलतो. निरोगी पोराला ते टोचणं मला बघवत नाही.

मार्को पांतानीचं नाव मुलाला माहीत असेल. १९९८ चा टूर विजेता. ५ जून १९९९ ला जिरो दि इतालिया ही इटलीची मोठी रेस जवळजवळ जिंकलेली असताना मादोन्ना दि कम्पील्योला सकाळी रक्त तपासलं, हेमॅटोक्रिट ५२, रेसमधून बाहेर. त्या सकाळनंतर तो माणूस सावरला नाही. १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीच्या एका हॉटेलात कोकेनच्या ओव्हरडोसने गेला, वय ३४. आर्मस्ट्राँग निदान जिवंत आहे.

अजून एक झळ, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सायकलिंगला तिकीट नसतं, रस्त्यावर उभं राहून फुकट बघतात, टीम चालते ती पूर्ण स्पॉन्सरवर. स्पॉन्सर गेला की मेकॅनिक, ड्रायव्हर, स्वयंपाकी, आमच्यासारखे मसाजवाले, सगळे घरी. लँडिस सापडला आणि त्याची फोनाक टीम त्याच वर्षाअखेर बंद. जर्मनीत टेलिकॉम कंपनीने २००७ मध्ये आपल्या टीममधून हात काढून घेतला, त्याच टूरमध्ये जर्मन सरकारी चॅनेलने लाइव्ह दाखवणं मध्येच थांबवलं, आणि डॉइचलांड टूर ही रेस २००९ पासून बंद पडली ती २०१८ ला परत आली. नऊ वर्षं. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेल्या जर्मन पोराने घरची रेस बघितलीच नाही. राबोबँक ह्या डच बँकेने १७ वर्षांनी, यूसाडाचा रिपोर्ट आल्यावर दीड आठवड्यात, टीम सोडली, त्या टीमला पुढच्या वर्षाची सुरुवात स्पॉन्सरच्या नावाशिवाय करावी लागली.

आणि नंतर आलेल्यांच्या वाट्याला संशय. २०१५ च्या टूरमध्ये क्रिस फ्रूम पिवळ्या जर्सीत होता, रस्त्याच्या कडेच्या एकाने कपभर लघवी त्याच्या अंगावर फेकली आणि डोपर म्हणून ओरडला. फ्रूमचं सगळं मला पटतं असं नाही, पण लघवी फेकणाऱ्याच्या डोक्यात आर्मस्ट्राँग होता. २००८ पासून बायोलॉजिकल पासपोर्ट आहे, म्हणजे रायडरचं रक्त वर्षानुवर्षं तपासून त्याचा स्वतःचाच आलेख ठेवायचा, हिमोग्लोबिन आणि नव्या कोवळ्या लाल पेशी ह्यांचं गणित बिघडलं की प्रश्न विचारायचे. चांगली गोष्ट आहे. तरी लोकांचा विश्वास परत यायला आलेख पुरत नाही.

हे सगळं युरोप-अमेरिकेतलं झालं. आता आपलं. २०२३ मध्ये दिल्लीच्या एका अॅथलेटिक्स मीटमध्ये नाडाची, म्हणजे आपल्या देशाच्या अँटी-डोपिंग संस्थेची, माणसं येणार म्हटल्यावर १०० मीटरच्या फायनलला एकच पोरगा उभा राहिला हे पेपरात आलं होतं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका टीमबरोबर होते. सतरा वर्षांचा पोरगा, शेतकऱ्याचा, उताराला घाबरायचा पण चढाला कुणाला ऐकायचा नाही. मांडीचा मसाज करताना टीशर्ट वर सरकला आणि बेंबीच्या बाजूला तीन बारीक टोचल्याच्या खुणा दिसल्या. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ताकदीचं आहे, सरांनी दिलंय, थंड ठेवायला सांगितलंय." बॅगेतून स्टीलचा टिफिन काढला, आत बर्फाचं पाणी झालेलं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत दोन छोट्या भरलेल्या सिरिंज, लेबल नखाने खरवडून काढलेलं. त्याला ते काय आहे हे माहीतच नव्हतं. मी त्याला सांगितलं की ह्याने जीव जाऊ शकतो, त्याने तिथल्या तिथे बेसिनमध्ये ओतलं. मी वरच्या माणसाकडे गेले, तर उत्तर मिळालं की तुम्ही मसाज करा, बाकीचं आम्ही बघतो. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. त्या पोराला टीममधून काढलं, कारण दिलं की फॉर्म नाही. आज त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, सायकल विकली. तो सर मात्र पुढे कितीतरी वर्षं कोचिंग करत होता.

आणि माझ्याकडे काहीही नव्हतं. टिफिनचा फोटो नाही, तारीख लिहिलेली नाही, सिरिंज मीच ओतू दिल्या. बेट्सी आणि एमा वर्षानुवर्षं का हरत राहिल्या ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मुलाला आर्मस्ट्राँगचं बोलताना बासोंचं नाव सांगा, ते त्याने ऐकलेलं नसणार. आणि घरात एक गोष्ट ठरवून टाका: पावडर, गोळी, इंजेक्शन, सर्दीचं औषध, कोणीही काहीही दिलं, कोचने दिलं तरी, आधी घरी आणायचं, पोटात किंवा अंगात नंतर. वाडाची, म्हणजे जागतिक अँटी-डोपिंग संस्थेची, बंदीची यादी दर वर्षी १ जानेवारीला नवीन लागू होते, ती बघायची, फॅमिली डॉक्टरला विचारायचं, तो खेळाडू आहे हे डॉक्टरला आवर्जून सांगायचं. पाकीट आणि बाटली फेकायची नाही, बॅच नंबरसकट फोटो काढायचा, वहीत तारीख आणि देणाऱ्याचं नाव लिहायचं. संशय आला तर नाडाकडे कळवता येतं, वाडाचंही ऑनलाइन तक्रारीचं पान आहे, तिथे नाव न देता सांगता येतं. आणि तो सांगायला आला तर त्याला बोलू द्या, मध्ये ओरडू नका, माझ्या त्या पोराने बापाला सांगितलं नव्हतं ते ओरडा बसेल म्हणूनच.